एकाच झाकणाचा ओटा

बांधकामाचा धंदा बंद करून सहा वर्षं झाली, तरी लोक मला सोडत नाहीत. परवा एका बाराव्याला गेलेलो. पान वाढून झालेलं, भटजी निघालेले, सगळे गंभीर चेहरे करून बसलेले. शेजारचा गृहस्थ हळूच माझ्या कानाशी आला. मला वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल काही सांगतोय. तर म्हणतो, "काका, खडवलीला छोटा प्लॉट घेतलाय. घरामागे एवढासा सिमेंटचा ओटा घालायचाय, संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला. किती येईल हो?"

या अंकाच्या संपादकांनीही मला तेच लिहायला सांगितलंय. म्हणाले, लोकांना उपयोगी पडेल असं लिहा, गमतीजमती टाका. टाकतो. पण मला जे सांगायचंय ते फारसं गमतीचं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आधी हिशेब. दहा बाय दहाचा ओटा म्हणजे लोकांना वाटतं, चार पोती सिमेंट ओतलं, थापीने सारखं केलं, झालं. अहो, तसं नसतं. आधी माती उकरायची, चोपायची. मग दगडांची सोलिंग, तिच्या फटीत बारीक खडी. त्यावर चार इंच काँक्रीट, त्यात सळईची जाळी. पाणी घराकडे न येता बाहेर जाईल असा उतार. आणि नंतर आठ-दहा दिवस पाणी मारणं. गिऱ्हाईक घासाघीस कुठे करतं सांगू? जे दिसत नाही तिथे. सोलिंग नको, जाळी कशाला, चार इंचाचं तीन करा. वरची फिनिशिंग मात्र आरशासारखी पाहिजे. मानपाड्याला एक निवृत्त बँकवाले होते. ते स्टूल टाकून बसायचे आणि मिक्सरमध्ये पडलेल्या प्रत्येक घमेल्याची वहीत रेघ मारायचे. खडीचं एक घमेलं कमी पडलं म्हणून त्यांनी मला दुपारच्या जेवणावरून उठवलेलं. आणि उतार मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेने उलटा काढून घेतला. पुढच्या पावसात त्यांच्या हॉलमध्ये पाणी शिरलं, तेव्हा फोन मलाच. अशी माणसं परवडतात. त्यांच्यापायी फार तर डोकं दुखतं.

मी भ्यालो ते कळव्याच्या ओट्याने.

खाडीच्या बाजूला कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या हिरामावशीने मला बोलावलेलं. मावशी बाजारात मासळी विकायची, नवरा दामू नाखवा खाडीत होडी घालायचा. घरापुढे पंधरा बाय बाराचं मातीचं अंगण. मावशीला दोन गोष्टी एकदम पाहिजे होत्या. अंगणाखाली पाण्याची टाकी, कारण नळाला पाणी तासभरच यायचं, आणि टाकीच्या वर पक्का ओटा. म्हणजे टाकीचा स्लॅब तोच ओटा. उन्हात सुकट घालायला आणि मुख्य म्हणजे पोरीच्या हळदीला मांडव घालायला. कोळ्यांच्या हळदीत नाच किती आणि कसा असतो, ते बघितलेल्यालाच कळेल. अंगण कच्चं असलं की घरच्या बाईचा जीव तुटतो.

मी आकडा काढला, त्यात टाकीला दोन झाकणं धरलेली. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. मावशीने बाकीचे आकडे न बघताच झाकणांवर बोट ठेवलं.

"दोन झाकना कनाला रं दादा? पोरी नाचतील त्या पाय कुठं ठेवतील? आनि दुसऱ्याचं पैसं वाचतील त्यात वाजंत्रीवाल्याचा चहा निघंल."

मी म्हटलं, "मावशी, हवा खेळायला दोन लागतात."

"पान्याला कसली हवा!" मावशी हसली. नाखवाही हसला. आणि खरं सांगतो, मीही हसलो. काम हातचं जायला नको होतं. एक झाकण मी कागदावरून खोडलं. हजार-दोन हजाराचा फरक असेल. एवढ्या वर्षांत शेकडो कागदांवर मी खाडाखोड केली, पण ती एक रेघ मला अजून दिसते.

आता थोडं धंद्याचं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. टाकीवर स्लॅब घालायचा तर काँक्रीट ओतताना खालून आधार लागतो. म्हणून टाकीच्या आत लाकडी टेकू उभे करायचे, त्यांच्यावर प्लायच्या फळ्या. याला सेंट्रिंग म्हणतात. वरून काँक्रीट ओतलं की ते घट्ट होईपर्यंत तीन आठवडे हे लाकूड आतच राहतं. मग एक माणूस झाकणातून आत उतरतो, टेकू ठोकून काढतो, फळ्या वर देतो. या तीन आठवड्यांत आत काय होतं? वरून पाणी मारतो ते झिरपतं, लाकूड भिजतं, कुजतं. बंद जागेत कुजणारं लाकूड हवेतला प्राण खाऊन टाकतं. वास नाही, धूर नाही, काही दिसत नाही. माणूस शिडीने उतरतो, दोन श्वास घेतो आणि खाली बसतो. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही. वरचा म्हणतो, अरे काय झालं, आणि त्याला काढायला उतरतो. मग तोही बसतो. पेपरात आपण वाचतो ना, टाकीत उतरलेले तिघे गेले, चौघे गेले, ते असं होतं.

मला हे माझ्या उस्तादांनी शिकवलेलं. रामजी मिस्त्री. त्यांनी उभं आयुष्य विहिरी खणल्या. बंद जागेत उतरण्याआधी ते दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे आणि शंभर आकडे मोजायचे. ज्योत बारीक झाली की उतरायचं नाही. विझली तर त्या दिवशी कामच बंद. हल्ली हवा मोजायचं यंत्र मिळतं, तेच वापरावं, कंदिलावर भरवसा ठेवू नये. पण मी शिकलो तेव्हा कंदीलच होता. रामजींनी यामागचं कारण मला एकट्याला सांगितलं. बाकीच्या गड्यांना फक्त "दिवा दाखवा" एवढंच. उस्ताद लोक असेच असायचे, चार गोष्टी हातच्या राखून ठेवायचे. आणि मी त्यांचा चेला. मीही तेच केलं.

माझ्याकडे सेंट्रिंगला बाळाराम आणि त्याचा धाकटा भाऊ गणपत. मानपाड्याच्या बाजूच्या गावातले आगरी. बाळाराम पन्नाशीचा, वीस वर्षं माझ्या हाताखाली. हाडाचा कारागीर, दोरी न लावता नुसत्या डोळ्याने लेव्हल सांगायचा. टाकीत उतरायचं असलं की तो न चुकता दिवा दाखवायचा. दिवा खाली सोडायचा, हात जोडायचा, मग उतरायचा. त्याला वाटायचं, हा खालच्या जागेचा मान आहे. जमीन खणली, तिला बंद केली, आता आत पाय ठेवतोय तर दिवा दाखवून परवानगी घ्यायची. मला हे माहीत होतं. मला त्याची गंमत वाटायची. वीस वर्षांत एकदाही मी त्याला जवळ बसवून म्हटलं नाही की बाबा, हा मान नाही, ही परीक्षा आहे.

हळदीला दोन दिवस होते. टाकी मोकळी करून धुऊन भरायची होती. आदल्या दिवशी झाकण उघडून पंखा लावून ठेवायचा असा माझा शिरस्ता. पण मांडववाल्याने नेमके त्याच कोपऱ्यात बांबू रचलेले. म्हटलं, असू दे, सकाळी बघू. सकाळी नऊ-साडेनऊला मी पोचलो तेव्हा मांडव अर्धा उभा होता. मावशीकडे पाहुणे जमलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. बाळारामने बांबू सरकवून झाकण काढलेलं आणि सुतळीला काहीतरी बांधून तो आत सोडत होता.

मी जवळ गेलो. त्याने कंदिलाऐवजी मोबाइल सोडलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल, बॅटरी चालू.

"दिवा दावला शेठ," तो म्हणाला. "जलतंय बगा कसा, मस्त!"

आता इथे मी थांबतो, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मला त्याच क्षणी कळलं. मोबाइल कसा विझेल? हवा असो नसो, तो जळणारच. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात मावशीने हाक मारली, "दादा, मांडवाचा खांब ओट्यात ठोकतान हे, ये लवकर!" आणि मी वळलो. वळताना मनात म्हटलं, एवढीशी टाकी, सहा फूट खोल, काय होतंय. आतापर्यंत कधी झालंय? मांडववाल्याला दोन शिव्या घातल्या. परत वळलो तर बाळाराम हात जोडून उतरलेला.

हातोडीचा एक ठोका ऐकू आला. दुसरा आला नाही.

गणपत वर फळ्या घ्यायला बसलेला. त्याने वाकून हाक मारली, "दादा!" मग जरा मोठ्याने, "दादा, क झाला रं?" खालून काही नाही. बाळाराम शिडीच्या पायथ्याशी कुशीवर पडलेला, तोंड भिंतीकडे. मोबाइलचा उजेड त्याच्या पाठीवर. तो उजेड अगदी लख्ख होता.

गणपतने दोन्ही पाय झाकणात टाकले. मी धावलो आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. माझं वय तेव्हा साठीच्या पुढे, पण अंगात कुठून बळ आलं देव जाणे. त्याला घेऊन मी मागे ओट्यावर आपटलो. तो ओरडत होता, "सोरा! सोरा मना! माजा भाऊ हाय तो!" कोपराने त्याने माझ्या बरगड्या शेकल्या. हात सुटेना म्हणून मनगटाच्या वर कडकडून चावला. मी सोडलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की हा उतरला की दोन होणार, मग मांडवातला कुणीतरी उतरणार, तीन होणार. आणि लाज सोडून लिहितो, त्याच वेळी डोक्याच्या एका कोपऱ्यात पोलीस, कोर्ट, पेपरातलं नाव, हेही चालू होतं. गणपतचा जीव किती आणि माझी अब्रू किती, हे मी अजून वेगळं काढू शकलेलो नाही.

"कुणी उतरू नका! हवा नाही आत, हवा नाही!" मी ओरडत होतो. पोरींची गाणी थांबलेली. बायका रडायला लागलेल्या.

हिरामावशी रडली नाही. तिने मांडववाल्याचा उभा पंखा ओढत आणला, आडवा केला आणि झाकणाच्या तोंडाशी धरला. "लाव रं बटन!" मग नवऱ्यावर ओरडली, "बगतंस क? आकरा आन!" दामू नाखवा घरामागे पळाला. होडी धक्क्याला ओढून घ्यायला त्यांच्याकडे लांब बांबू असतो, टोकाला लोखंडी आकडा. तो घेऊन तो ओट्यावर पालथा पडला, डोकं आणि खांदे झाकणाच्या बाहेरच ठेवून त्याने बांबू खाली घातला. बाळारामच्या कमरेला हातोडी अडकवायचा जाड पट्टा होता. पहिल्यांदा आकडा निसटला. दुसऱ्यांदा शर्टात अडकला, शर्ट टरकन फाटला. मी गणपतला धरून पडल्या पडल्या ते बघत होतो आणि देवाचं नाव आठवत नव्हतं. तिसऱ्यांदा पट्टा सापडला. नाखव्याने आणि वस्तीतल्या दोघांनी जाळं ओढतात तसं हाशहुश करत ओढलं. आधी पाठ आली, मग लोंबणारे हात, मग डोकं. झाकण दोन फुटांचं, खांदा अडकला. खांदा सोडवताना नाखव्याची बोटं सोलून निघाली.

बाळारामचं तोंड काळंनिळं पडलेलं. मावशीच्या घरी पाहुणी आलेली एक नर्स होती, तिने त्याची छाती दाबायला घेतली. किती वेळ गेला ते विचारू नका. मला तो सगळा दिवसच गेल्यासारखा वाटला. मग त्याच्या घशातून एक घरघर आली आणि नर्स म्हणाली, "रिक्षा आणा, श्वास चालू आहे, चालू आहे!" तेव्हा कुठे मी गणपतला सोडलं.

दवाखान्यात त्याला आत नेलं. बाहेर बाकावर मी आणि गणपत. माझ्या हातातून रक्त येत होतं, मी रुमाल गुंडाळलेला. वस्तीतली माणसं येत होती, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, शेठ, तुम्ही होतात म्हणून धाकटा वाचला. मी मान हलवत होतो.

ती माणसं गेल्यावर गणपत माझ्याकडे वळला. आवाज अगदी साधा होता त्याचा, राग नाही, काही नाही.

"शेठ, मना धरलंत. म्हंजे खाली क हाय ते तुमाला ठावं होतं."

मी हातावरचा रुमाल सोडून पुन्हा गुंडाळायला लागलो.

"मंग दादाला कनाला नाय धरलंत?"

टाकीच्या तोंडाशीसुद्धा इतका घाबरलो नव्हतो. मी तोंड उघडलं, सकाळी उघडलं होतं तसंच. तेवढ्यात आतून कुणीतरी आलं, म्हणालं, पेशंटने डोळे उघडले, भावाला विचारतोय. गणपत चप्पल तिथेच टाकून आत पळाला.

बाळाराम वाचला. महिनाभर डोकं जड होतं, बोलताना शब्द सापडायचे नाहीत, नंतर बराच सुधारला. खर्च मी केला, त्याबद्दल माझं कौतुक नको. मावशीच्या पोरीची हळद ठरल्या दिवशीच झाली. पण त्याआधी मावशीने माझ्याकडून ओट्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात भोक पाडून घेतलं. नवा कोरा ओटा, सगळ्या वस्तीत एक नंबर, त्याच्यात तिने स्वतः उभं राहून ब्रेकर चालवायला लावला. "फोरा," म्हणाली, "पोरी बाजूनं नाचतील." दुसऱ्या झाकणाचे पैसे मी घेत नव्हतो तर तिने ते माझ्या खिशात कोंबले. त्यानंतर हातातली दोन कामं पुरी केली आणि मी धंदा बंद केला. लोकांना सांगितलं, गुडघे गेले. आता रस्त्याने जाताना कुठे लोखंडी झाकण दिसलं की मी पलीकडच्या बाजूला जातो. बायको विचारते, असं आडवंतिडवं काय चालता? काय सांगू तिला?

तर ओट्याला किती येतं? खडवलीच्या त्या गृहस्थाला मी आकडा सांगितला. बरोबर आकडा सांगितला. आणि वर म्हटलं, खाली टाकी असेल तर झाकणं दोन, ती कमी करून देतो म्हणणारा कंत्राटदार दारात उभा करू नका. आणि टाकीत माणूस उतरवणार असेल तर आधी त्याला हवा मोजायचं यंत्र दाखवायला सांगा. ते परत पानाकडे वळले. बाराव्याला बसून त्यांना एवढं ऐकायचं नव्हतं.

दर दसऱ्याला दोघे भाऊ सोनं द्यायला येतात. बाळाराम आता गावातच किरकोळ कामं करतो, टाकीची कामं घेत नाही. चहा पिता पिता तो माझ्या बायकोला दरवर्षी तीच गोष्ट सांगतो, शेठनं माज्या भावाला कसा धरला, शेठ नसते तर आमची दोन घरं उघडी पडली असती. रंगवून सांगतो. बायकोचे डोळे भरून येतात. गणपत कपाकडे बघत बसलेला असतो. आणि मी त्या वेळी खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो, कारण मला वाटतं, आता हा मान वर करणार, आता विचारणार. यंदा निघताना गणपत मागे राहिला. बाळाराम जिना उतरून गेलेला. चप्पल घालता घालता गणपत म्हणाला, "शेठ, दादाला मी ते कदी बोललो नाय." आणि गेला.

गणपतने सहा वर्षं जे तोंडात धरून ठेवलंय, ते सांगायचं काम त्याचं नाहीच मुळी, माझं आहे. म्हणून संपादकांना मी हो म्हटलं. हा अंक छापून आला की एक प्रत घेऊन मी त्या दोघांच्या गावी जाणार आहे. बाळारामला वाचता येतं. टाकीतून काढल्यापासून तो ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचतो, मध्येच थांबतो, परत सुरू करतो. त्याचं वाचून होईपर्यंत मी त्याच्या समोर बसणार आहे.